जीपच्या हबला कोणता बोल्ट?

रस्त्याने जाणाऱ्या एखाद्या जुन्या जीपच्या पुढच्या चाकाकडे तुम्ही कधी लक्षपूर्वक पाहिले आहे काय? चाकाच्या मध्यभागी लहान डब्यासारखा एक गोल भाग बाहेर आलेला दिसतो. त्याच्या तोंडावर हाताने फिरवता येणारी चकती असते आणि तिच्या कडेला 'फ्री' व 'लॉक' असे दोन शब्द इंग्रजीत कोरलेले असतात. या भागाला लॉकिंग हब म्हणतात. पुण्याच्या नैर्ऋत्येला वारजे येथे महामार्गाच्या कडेला पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी सकाळी उभे राहिलात, तर पानशेत-मुळशीच्या डोंगरांकडे निघालेली अशी एखादी जीप दिसण्याचा चांगला संभव आहे.

हा डबा चाकाला सहा बारीक बोल्टांनी बसवलेला असतो. काही गाड्यांत पाचच असतात. बोल्ट करंगळीपेक्षाही बारीक, साधारण आठ मिलिमीटर जाडीचा. चिखलात रुतलेली जीप पुढच्या चाकांच्या जोरावर वर येते तेव्हा तो सगळा जोर या सहा बोल्टांच्या सांध्यातून जातो. ते बोल्ट निकामी झाले तर चाक निखळून पडत नाही, कारण चाकाचा भार बेअरिंगवर असतो. पण त्या चाकाला मिळणारी शक्ती तत्काळ बंद होते. ओल्या चढावर, मागे उतार आणि बाजूला दरी असताना ही गोष्ट घडली तर काय होईल याची कल्पना तुम्ही करू शकता. तेव्हा कोणता बोल्ट लावावा हा प्रश्न क्षुल्लक नाही.

प्रथम हा हब कशासाठी आहे ते पाहू. साध्या मोटारीत इंजिनाची शक्ती दोनच चाकांना मिळते. जीपमध्ये ती गरजेप्रमाणे चारही चाकांना देता येते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी तयार झालेल्या विलीज जीपमुळे ही रचना जगभर माहीत झाली. आपल्याकडे महिंद्र कंपनीने १९४७ साली विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे कित्येक वर्षे शेती, सरकारी खाती आणि सैन्य यांच्या कामी तिच्या जीपा आल्या. या गाडीत एक उणीव होती. डांबरी रस्त्यावर फक्त मागच्या चाकांना शक्ती दिलेली असली, तरी पुढची चाके स्वतः फिरताना आपल्याबरोबर आतले दांडे, डिफरन्शियलची दंतचक्रे आणि लांब शाफ्ट यांनाही फुकट फिरवत राहतात. त्यात इंधन जाते आणि भागही झिजतात. यावर उपाय म्हणून चाक आणि आतला दांडा यांचा संबंध हवा तेव्हा तोडणारा व जोडणारा हब निघाला. अमेरिकेत वॉर्न यांनी १९४८ साली असे हब बनवण्याचा कारखानाच काढला. चकती 'फ्री'वर असली की चाक दांड्यापासून सुटे होते. 'लॉक'वर फिरवली की दोन्ही एकजीव होतात.

म्हणजे 'लॉक' स्थितीत दांडा हबच्या डब्याला फिरवतो आणि डबा चाकाला फिरवतो. दांडा आणि डबा यांच्यामध्ये खाचा आहेत, त्या एकमेकींत अडकतात. पण डबा आणि चाक यांच्यामध्ये काय आहे? दोन सपाट पृष्ठभाग एकमेकांना टेकलेले, आणि त्यांना आवळून धरणारे सहा बोल्ट. एवढेच.

वारज्यातल्या एका गॅरेजमध्ये असा तुटलेला बोल्ट हातात घेऊन मिस्त्री मला म्हणाले, "सर, बोल्ट कच्चा होता. चाकाने जोर लावला आणि सुरीने कापावा तसा कापला." बहुतेकांची समजूत अशीच असते: डबा एकीकडे फिरू पाहतो, चाक दुसरीकडे राहू पाहते, मधला बोल्ट कात्रीत सापडलेल्या काडीसारखा कापला जातो. समजूत सोपी आहे, पण ती बरोबर आहे का? गणित करून पाहू. नववी-दहावीचे भौतिकशास्त्र यास पुरे आहे.

समजा, खडबडीत चढावर जीपच्या पुढच्या एका चाकावर ३०० किलोग्रॅम वस्तुमानाचा भार आहे. म्हणजे बल झाले ३०० × ९.८ = २,९४० न्यूटन. टायर आणि जमीन यांच्यातील घर्षण गुणांक ०.७ धरला, तर टायर न घसरता जमिनीला जास्तीत जास्त सुमारे २,०६० न्यूटन बलाने ढकलू शकेल. इंजिन सर्वांत खालच्या गिअरमध्ये याहून अधिक जोर देऊ शकते, परंतु त्याचा उपयोग नाही, टायर घसरेल. म्हणून मर्यादा टायरची. चाकाची त्रिज्या ०.३५ मीटर धरली तर चाक फिरवणारे परिबल, ज्याला मिस्त्री लोक टॉर्क म्हणतात, ते २,०६० × ०.३५ म्हणजे सुमारे ७२० न्यूटन-मीटर येते.

हेच परिबल हबच्या सांध्यातून जाते. पण तिथे त्रिज्या फार लहान आहे. बोल्ट चाकाच्या केंद्रापासून ४ सेंटिमीटरवर आहेत असे धरा. परिबल तेवढेच आणि त्रिज्या लहान, म्हणून बल वाढले: ७२० ÷ ०.०४ = १८,००० न्यूटन. सहा बोल्टांत सारखे वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला ३,००० न्यूटन. सुमारे तीनशे किलोग्रॅम वजन आडवे टांगल्यासारखेच हे झाले.

आता आठ मिलिमीटरच्या बोल्टाची ताकद पाहू. आट्यांच्या खाचा वजा करता त्याचे परिणामी क्षेत्रफळ ३६.६ चौरस मिलिमीटर असते. अगदी साध्या, मऊ पोलादाचा बोल्ट प्रत्येक चौरस मिलिमीटरला ४०० न्यूटन ताण दिला की तुटतो. कापले जाण्यास त्याच्या साधारण सहा दशांश बल पुरते. म्हणजे ०.६ × ४०० × ३६.६, सुमारे ८,८०० न्यूटन. लागणारे बल ३,००० आणि कापायला हवे ८,८००! हार्डवेअरच्या दुकानातला सर्वांत स्वस्त बोल्टसुद्धा असा सहजी कापला जाऊ नये. तरीही असे बोल्ट तुटतात. मग दोष कोठे आहे?

दोष आपल्या कल्पनेत आहे. नीट बसवलेल्या सांध्यात बोल्टावर आडवे बल येतच नाही. बोल्टाचे भोक त्याच्यापेक्षा किंचित मोठे असते आणि बोल्ट भोकाच्या भिंतीला टेकलेलाच नसतो. बोल्ट आवळला की तो रबरी पट्टीसारखा ताणला जातो आणि आकसू पाहतो. त्यामुळे डबा चाकावर दाबला जातो. या दाबामुळे दोन पृष्ठभागांत घर्षण निर्माण होते आणि घर्षण सारा भार वाहते. बोल्टाचे काम फक्त दाबून धरण्याचे. त्याच्यात आवळल्यामुळे आलेल्या या ताणाला आपण पूर्वताण म्हणू.

आता खरा प्रश्न असा होतो: पूर्वताणामुळे मिळणारे घर्षण दर बोल्टामागे ३,००० न्यूटन आहे का?

यासाठी बोल्टाच्या माथ्यावरचे आकडे वाचता आले पाहिजेत. चांगल्या मेट्रिक बोल्टाच्या माथ्यावर ८.८ किंवा १०.९ असे उठावाचे आकडे असतात. पहिल्या आकड्याला शंभराने गुणा. दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटनांवर बोल्ट तुटेल ते मिळते. ८.८ चा बोल्ट ८०० ला, १०.९ चा १,००० ला. टिंबानंतरचा आकडा सांगतो की यांपैकी किती दशांशावर तो कायमचा ताणला जाऊ लागतो. ८.८ साठी ८०० चे आठ दशांश, ६४०. साधा मऊ बोल्ट ४.६ या वर्गाचा, म्हणजे ४०० आणि २४०. आपल्या देशात यासाठी आयएस १३६७ हे भारतीय मानक आहे. मानकात सुरक्षित म्हणून याहून थोडी खालची मर्यादा दिलेली असते: ४.६ ला २२५, ८.८ ला ५८०, १०.९ ला ८३०. बोल्ट आवळताना या मर्यादेच्या तीन चतुर्थांशापर्यंत जावे असा सर्वसाधारण प्रघात आहे.

पोलादावर पोलाद, कोरडे, असा घर्षण गुणांक ०.१५ धरू. हा आकडा मुद्दाम कमी धरला आहे. हबच्या आसपास ग्रीस असतेच. मग ४.६ चा बोल्ट ०.७५ × २२५ × ३६.६ म्हणजे सुमारे ६,२०० न्यूटनांनी दाबेल आणि घर्षण मिळेल ९३० न्यूटन. ८.८ च्या बोल्टाचा दाब १५,९०० आणि घर्षण २,४००. १०.९ चा दाब २२,८०० आणि घर्षण ३,४००. लागतात ३,०००.

हे आकडे पुन्हा एकदा पाहा. मऊ बोल्ट गरजेच्या एकतृतीयांशही घर्षण देत नाही. ८.८ कमी पडतो. १०.९ पुरतो, पण फार वरकड राहत नाही. इतकी थोडी की सहांपैकी एक बोल्ट गळून पडला तर उरलेल्या पाचांना प्रत्येकी ३,६०० न्यूटन पेलावे लागतात, आणि ते त्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे. 'एकच गेला आहे, घरी जाऊन लावू' असे म्हणणारे चालक मला भेटले आहेत. त्यांनी हा भागाकार एकदा करून पाहावा.

घर्षण अपुरे पडले की काय होते? डबा चाकावर केसभर सरकतो आणि बोल्ट भोकाच्या भिंतीला टेकतो. त्या क्षणी बोल्ट तुटत नाही, हे आपण पाहिलेच. चालकाने पाय उचलला, इंजिनाने गाडीला मागे ओढले, की डबा उलट सरकतो. चढ-उतारावर असे शेकडो वेळा होते. या आडव्या हालचालीचा एक चमत्कारिक परिणाम आहे. जर्मन अभियंते गेऱ्हार्ड युंकर यांनी १९६९ साली प्रयोगांनी दाखवले की सांधा आडवा मागेपुढे सरकू लागला की बोल्ट आपोआप उलटा फिरून सुटू लागतो. आट्यांमधले घर्षण त्याला धरून ठेवीत असते; पण पृष्ठभाग एका दिशेने सरकत असताना दुसऱ्या दिशेने अडवण्याची घर्षणाची कुवत राहत नाही. (ओल्या फरशीवरचे जड कपाट एका बाजूला ढकलत असताना ते दुसऱ्या बाजूलाही किती सहज वळते ते आठवा.) बोल्ट जरा सुटला की दाब घटतो, दाब घटला की घर्षण घटते, घर्षण घटले की सरकणे वाढते. शेवटी सैल बोल्ट दर हिसक्याला वाकतो आणि लोखंडी तार पुन्हापुन्हा वाकवून तोडावी तसा धातूला थकवा येऊन तुटतो. मिस्त्रींच्या हातातल्या तुकड्याची तुटलेली बाजू नीट पाहिली तर एका कडेपासून सुरू झालेला गुळगुळीत भाग आणि उरलेला खरबरीत भाग असे दोन भाग स्पष्ट दिसत होते. गुळगुळीत भाग हळूहळू वाढलेल्या चिरेचा, खरबरीत भाग शेवटच्या क्षणाचा. सुरीने कापल्याप्रमाणे तुटला असता तर असे दिसले नसते.

तेव्हा मजबूत बोल्ट हवा तो कापला जाऊ नये म्हणून नव्हे, तर तो अधिक आवळता यावा म्हणून. यातून उघडच निघते की १०.९ चा बोल्ट आणून तो ४.६ इतकाच आवळला तर फायदा शून्य. पैसे मात्र जास्त.

किती आवळायचा? साधे सूत्र आहे: पान्याने द्यायचे परिबल = ०.२ × हवा असलेला ताण × बोल्टाचा व्यास. आपल्या ८.८ साठी ०.२ × १५,९०० × ०.००८, म्हणजे सुमारे २५ न्यूटन-मीटर; १०.९ साठी ३६. वीस सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला १०.९ साठी सुमारे १८० न्यूटन, म्हणजे अठराएक किलोग्रॅमचा जोर. हाताच्या अंदाजाने काही जण याच्या निम्मा तर काही दीडपट जोर देतात. म्हणून परिबल दाखवणारा टॉर्क पाना वापरावा. सूत्रातला ०.२ हा आकडा मुख्यतः घर्षणातून आला आहे. तुम्ही दिलेल्या जोराचा निम्म्याच्या आसपास भाग माथ्याखालच्या घर्षणात जातो, बराचसा आट्यांमध्ये, आणि बोल्ट ताणण्यास फक्त दहावा हिस्सा उरतो! आट्यांना तेल लावले तर तोच पाना तेवढ्याच जोरात बोल्टाला जास्त ताणील, कदाचित मर्यादेपलीकडे. तेल लावायचे असेल तर परिबल कमी केले पाहिजे.

आता एका फार नाजूक गोष्टीकडे वळू. आवळल्यावर बोल्ट किती लांबतो? तीन सेंटिमीटर लांबीचा १०.९ चा बोल्ट घ्या. प्रतिबल ६२० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, पोलादाचा यंगचा गुणांक सुमारे २,००,०००. विकृती ०.००३१, आणि लांबीतील वाढ अवघी ०.०९ मिलिमीटर. तुमच्या वहीचा कागद साधारण तेवढाच जाड असतो. सारा दाब या कागदभर लांबीवर अवलंबून आहे. डबा आणि चाक यांच्यात रंगाचा थर, वाळलेला चिखल किंवा जाड कागदी गास्केट राहिले आणि पुढे ते ०.०४ मिलिमीटरने दबले, तर जवळजवळ निम्मा दाब नाहीसा झाला. पृष्ठभाग स्वच्छ पुसणे, पातळ व नवे गास्केट घालणे आणि थोडे अंतर चालवल्यावर पुन्हा एकदा पाना लावून पाहणे या गोष्टी म्हणूनच महत्त्वाच्या आहेत. मिस्त्रींच्या सवयी म्हणून त्यांकडे दुर्लक्ष करू नये.

बोल्ट विकत घेताना आणखी एक अडचण येते ती आट्यांची. जीपचे मूळ आराखडे अमेरिकन, म्हणून तिचे बोल्ट इंचाच्या मापाचे. आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धती आली आणि आज दुकानात सहज मिळतात ते बोल्ट मेट्रिक. पाच-सोळांश इंची बोल्टाचा व्यास ७.९४ मिलिमीटर, मेट्रिकचा ८. डोळ्यांना फरक कळणार नाही. पण पाच-सोळांशच्या जाड आट्याच्या बोल्टावर एका इंचात १८ आटे, बारीक आट्याच्या बोल्टावर २४, आणि आठ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टावर २० हून किंचित जास्त. चुकीचा बोल्ट दोन-तीन फेरे आत जातो आणि मग अडकतो. त्या वेळी 'जरा जोर लावा' म्हणणारा सल्लागार हटकून जवळ उभा असतो. जोर लावला की हबमधले आटे जातात, आणि मग कितीही मजबूत बोल्ट आणला तरी तो धरणार कशाला? जुना बोल्ट पट्टीशेजारी ठेवून एका इंचातले आटे मोजावेत; दोन मिनिटांचे काम आहे. इंची बोल्टांच्या माथ्यावर आकडे नसतात, रेघा असतात. तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, साधारण ८.८ च्या तोडीचा. सहा रेघा म्हणजे ग्रेड ८, साधारण १०.९ च्या तोडीचा. रेघांत दोन मिळवले की ग्रेड.

पावसाळ्यात गंज चढतो म्हणून काही जण स्टेनलेस पोलादाचे चकचकीत बोल्ट लावतात. नेहमीच्या ए२-७० वर्गाच्या स्टेनलेस बोल्टाची मर्यादा ४५० आहे, ८.८ पेक्षाही कमी. हबवर तो शोभतो, पण टिकत नाही. उलट टोकाला जाऊन १२.९ चे एलन बोल्ट लावणारेही आहेत. ते अतिशय कठीण असतात. पण इतक्या कठीण पोलादावर विजेने जस्ताचा मुलामा चढवताना धातूत हायड्रोजन शिरला, तर बोल्ट आवळून ठेवल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी आपोआप तडकू शकतो. शिवाय हबमधल्या ओतीव लोखंडाच्या आट्यांनाही तेवढा ताण सोसला पाहिजे. ओतीव लोखंडात बोल्ट निदान त्याच्या व्यासाच्या दीडपट खोल गेला पाहिजे असा ठोकताळा आहे. स्प्रिंग वॉशरवर लोकांचा मोठा विश्वास असतो. आडव्या हालचालीच्या चाचणीत मात्र तो जवळजवळ निरुपयोगी ठरतो. बोल्टाच्या माथ्यावर दुमडायची पत्र्याची लॉक प्लेट किंवा आट्यांत गोठणारा चिकट द्रव हे त्याहून चांगले. पण पहिले संरक्षण पूर्वताणाचे.

एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: बोल्ट मुद्दाम कच्चे ठेवावेत, म्हणजे आतला महागडा दांडा तुटण्याआधी तेच तुटतील, घरातल्या फ्यूजसारखे. मला हा पटत नाही. फ्यूज ठरावीक विद्युतधारेलाच वितळतो, हाच त्याचा गुण. सैल होऊन थकव्याने तुटणारा बोल्ट कोणत्या भाराला तुटेल हे कोणीच सांगू शकत नाही. तो सपाट रस्त्यावरही तुटेल.

शिक्षकांना वर्गात हे सहज दाखवता येईल. मेकॅनोसारख्या खेळातल्या भोकांच्या दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून एका स्क्रू-नटाने जोडा. एक पट्टी टेबलाला घट्ट बांधा आणि दुसरी ताणकाट्याने तिच्याच दिशेत ओढा. नट हाताने आवळला असता ती किती न्यूटनांना सरकते, आणि लहान पान्याने अर्धा फेरा अधिक दिल्यावर किती, याची नोंद करा. स्क्रू तोच, पट्ट्या त्याच. आकडा मात्र कितीतरी बदलेल. मग नट जरा सैल ठेवून वरची पट्टी शंभर वेळा इकडून तिकडे हलवा आणि नटावर आधी पेन्सिलीने मारलेली खूण कोठे गेली ते पाहा. पट्ट्यांमध्ये वहीचा कागद घालून आवळा, दुसऱ्या दिवशी पुन्हा ओढून पाहा.

आणि एक गणित तुमच्यासाठी. हबमध्ये जागा असेल तर आठऐवजी दहा मिलिमीटरचे बोल्ट बसवता येतात. त्यांचे परिणामी क्षेत्रफळ ५८ चौरस मिलिमीटर असते. ८.८ वर्गाचा असा एक बोल्ट किती घर्षण देईल ते काढा. उत्तर ३,८०० न्यूटनांच्या जवळपास आले पाहिजे. ते आठ मिलिमीटरच्या १०.९ शी ताडून पाहा. नंतर ४.६ वर्गाचा दहा मिलिमीटरचा बोल्ट पुरेल का तेही तपासा.